टूरिंग कॅरव्हॅनची पहिली सुट्टी: ब्रिटनमधल्या मराठी घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान गाडीमागे जोडून न्यायच्या कॅरव्हॅनबद्दल आहे. एकाच जागी कायम उभ्या असलेल्या स्टॅटिक कॅरव्हॅनचा किंवा स्वतःचं इंजिन असलेल्या मोटरहोमचा विषय इथे नाही. नियम इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधले आहेत.

मोटरहोम सोडून कॅरव्हॅन का घ्यायची?

साइटवर कॅरव्हॅन सोडून गाडी मोकळी होते, हे मुख्य कारण. दूध संपलं, मुलांना समुद्रावर न्यायचं आहे, पाऊस आला म्हणून शहरात जायचं आहे, तर अख्खं घर घेऊन हलावं लागत नाही. शिवाय कॅरव्हॅनला एमओटी (दरवर्षीची वाहन-तपासणी) नाही आणि रोड टॅक्सही नाही. तोटा असा की प्रवास संथ होतो आणि जोडणं, सोडणं, मागे घेणं हे सगळं शिकावं लागतं. दर रात्री नवा गाव गाठायचा असेल तर मोटरहोमच बरी. एका जागी चार-पाच रात्री राहायचं असेल तर कॅरव्हॅनला तोड नाही.

माझ्या लायसन्सवर ओढता येईल का?

ब्रिटिश कार लायसन्स असेल तर येईल. १ जानेवारी १९९७ पासून परीक्षा पास झालेल्यांना पूर्वी मोठा ट्रेलर ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली. आता ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. म्हणजे लायसन्सची अडचण नाही. अडचण येते ती गाडीच्या क्षमतेची.

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. त्या काळात कॅरव्हॅनच्या फंदात न पडलेलं बरं; आधी इथली परीक्षा द्या.

गाडी किती वजन ओढू शकते हे कुठे कळतं?

दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली गाडीची एक पाटी असते. तिच्यावर साधारण चार आकडे एकाखाली एक असतात. पहिला म्हणजे गाडीचं माणसं-सामानासह कमाल वजन. दुसरा म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन. तिसरा-चौथा पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचे. समजा पहिला आकडा २,१०० आणि दुसरा ३,६०० आहे. तर पूर्ण भरलेल्या गाडीमागे १,५०० किलो ओढता येतात. दुसरा आकडाच नसेल तर ती गाडी ओढण्यासाठी बनवलेलीच नाही, असं समजून विषय सोडा. इलेक्ट्रिक आणि छोट्या हायब्रिड गाड्यांमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. गाडीच्या पुस्तिकेतली ओढण्याची कमाल मर्यादाही पाहा. दोन्हींत जो आकडा लहान, तो तुमचा.

ही झाली कायद्याची हद्द. नवशिक्यांसाठी इथल्या कॅरव्हॅन क्लबांचा सल्ला आणखी कडक आहे: कॅरव्हॅनचं भरलेलं वजन गाडीच्या कर्ब वेटच्या (रिकाम्या गाडीच्या वजनाच्या) ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. गाडी १,६०० किलोची असेल तर कॅरव्हॅन १,३६० किलोपर्यंत. ८५ टक्के हा कायदा नाही, पण त्यामागचं कारण साधं आहे: मागचं वजन पुढच्याच्या जवळ आलं की वाऱ्यात शेपटीच कुत्र्याला हलवायला लागते.

कॅरव्हॅनच्या पाटीवरची ती लांबलचक अक्षरं काय सांगतात?

एमआयआरओ म्हणजे कारखान्यातून निघतानाचं वजन. एमटीपीएलएम म्हणजे सामानासकट जास्तीत जास्त वजन. दोन्हींतला फरक तुमच्या सामानाचा वाटा. हा फरक ऐकायला ऐसपैस वाटतो आणि प्रत्यक्षात फसवतो. १,२०० आणि १,३५० ची जोडी घेऊ. हाताशी १५० किलो. आता त्यातून वजा करत जा:

मोटर मूव्हर (गाडीशिवाय कॅरव्हॅन हलवणारी मोटर) साधारण ३२ किलो. लेड-अ‍ॅसिड लीझर बॅटरी (कॅरव्हॅनमधल्या वापराची) २३. भरलेलं ६ किलोचं प्रोपेन सिलिंडर १५. पोर्च ऑनिंग, म्हणजे दारापुढचा हवा भरायचा तंबू, १८. २५ मीटरची वीज केबल ६. पाण्याचा पिंप, सांडपाण्याची टाकी, पायरी, कुलपं, लेव्हलिंग रॅम्प मिळून १५. झाले १०९. उरले ४१ किलो, त्यात चौघांची अंथरुणं, कपडे, भांडी आणि किराणा.

आपल्याकडे इथेच घोळ होतो. पाच किलो तांदूळ, पाच किलो कणीक, लोखंडी तवा, प्रेशर कुकर, मिक्सर आणि त्याची तीन भांडी, लोणच्याच्या बरण्या, ‘असू दे, लागलं तर’ म्हणून घेतलेला फराळाचा डबा. पंचवीस किलो असेच जातात. जड किराणा गाडीच्या डिकीत ठेवा, किंवा साइटजवळच्या दुकानातून घ्या. पिंपात पाणी भरून मुळीच निघू नका. ४० लिटर म्हणजे ४० किलो, आणि साइटवर नळ असतोच. शंका असेल तर सार्वजनिक वजनकाट्यावर जाऊन एकदा तोलून घ्या. खर्च किरकोळ असतो, आणि अंदाज जवळपास नेहमी कमीच निघालेला असतो.

आत सामान कुठे ठेवायचं?

जड वस्तू अ‍ॅक्सलच्या वर, जमिनीलगत. हलक्या वस्तू वरच्या कपाटांत. मागच्या टोकाला जड काही नको: ते वजन लंबकासारखं काम करतं आणि कॅरव्हॅन झुलायला तिथूनच सुरुवात होते.

नोजवेट म्हणजे काय, आणि घरी कसं मोजायचं?

कॅरव्हॅनचं नाक टोबारवर, म्हणजे गाडीमागच्या ओढायच्या दांड्यावर, जो भार टाकतं तो. भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा असा सर्वसाधारण दंडक आहे, म्हणजे १,३०० किलोच्या कॅरव्हॅनला ६५ ते ९१ किलो. पण गाडी, टोबार आणि कॅरव्हॅनचा हिच (टोबारच्या बॉलवर बसणारा जोड) या तिघांचीही आपापली मर्यादा असते. त्यांतली सर्वांत कमी ती पाळायची.

मोजायला बाथरूममधला वजनकाटा पुरतो. सपाट जमिनीवर, सामान भरल्यावर, हँडब्रेक ओढून चाकांना अडण्या लावा. काट्यावर फळी ठेवा, तिच्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा. तो इतका उंच हवा की त्याच्यावर हिच टेकला की कॅरव्हॅन अगदी आडवी समपातळीत राहील. पुढचं छोटं जॉकी व्हील हळूहळू वर घ्या, सगळा भार काट्यावर आला की आकडा वाचा. कमी आला तर थोडं सामान अ‍ॅक्सलच्या पुढे सरकवा. जास्त आला तर पुढच्या लॉकरमधलं काढा.

जुनी घेताना काय पाहायचं?

ओल. बाकी सगळं त्यानंतर.

भिंती म्हणजे बाहेरचा पातळ पत्रा, मधलं फोम आणि लाकडी पट्ट्या. सांध्यातलं सील सुकलं की पाणी आत झिरपतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं, वरून काही दिसत नाही. कोपरे, खिडक्यांखालची जागा, समोरच्या लॉकरची मागची बाजू अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागलं, वॉलपेपर फुगलेला दिसला किंवा दार उघडताच कोंदट वास आला तर सावध व्हा. ताजा एअर फ्रेशनर लावलेला असेल तर जास्तच. ओल मोजण्याच्या मीटरवर १५ टक्क्यांपर्यंत चिंता नाही, १५ ते २० मध्ये लक्ष ठेवायचं, २० च्या पुढे दुरुस्तीचा विषय. चालताना जमीन कुरकुरली किंवा दबली तर तिचे थर सुटले आहेत.

टायरच्या खाचांची खोली फसवी असते. कॅरव्हॅनचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवर चार आकडे दिसतील: ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. पाच वर्षांनंतर बदलणं शहाणपणाचं, सात वर्षांपुढे वापरूच नयेत. दरवर्षी सर्व्हिस केल्याची कागदपत्रं आणि ओलीचा अहवाल मागा. १९९२ पासूनच्या ब्रिटिश कॅरव्हॅनची नोंद क्रिस या यंत्रणेकडे असते. खिडक्यांच्या काचांवर कोरलेला १७ अक्षरी क्रमांक, चॅसिसवरचा आणि कागदावरचा, तिन्ही जुळले पाहिजेत. चोरीची किंवा कर्जाखाली असलेली कॅरव्हॅन अशीच पकडली जाते.

जोडताना कोणता क्रम पाळायचा?

घाई न करता, दर वेळी तोच. आणि एकाच माणसाने करायचं. दोघं मिळून केलं की एक गोष्ट दोघांनीही दुसऱ्यावर सोडलेली असते.

हिच बॉलवर बसवा, खटका वाजेल आणि हिरवी खूण दिसेल. मग जॉकी व्हीलने कॅरव्हॅनचं नाक किंचित वर उचलून पाहा: गाडीची मागची बाजूही वर आली तर हिच खरंच बसलाय. आता जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन घट्ट आवळा. ब्रेकअवे केबल टोबारवरच्या ठरलेल्या कडीत अडकवा. नुसती बॉलभोवती वेढा घालून ठेवू नका, हिच निसटला तर वेढाही निसटेल. कॅरव्हॅन सुटलीच तर ही केबल तिचा ब्रेक ओढते आणि मग स्वतः तुटते, हेच तिचं काम. त्यानंतर १३ पिनांचा प्लग, स्टेबिलायझरचा (झुलणं रोखणाऱ्या यंत्राचा) दांडा खाली, चारही स्टेडी (कोपऱ्यांतले टेकू) वर, मूव्हरचे रोलर टायरपासून दूर, शेवटी हँडब्रेक खाली. खिडक्या, छताची झाकणं, गॅस बंद. दिवे आणि इंडिकेटर कुणालातरी मागे उभं करून तपासा. मागे गाडीच्याच नंबरची पिवळी पाटी हवी.

वळताना हिचमधून किंचाळल्यासारखा आवाज येतोय? बॉलवर ग्रीस किंवा रंग आहे. घर्षणावर चालणाऱ्या स्टेबिलायझरला कोरडा, स्वच्छ, धातू उघडा असलेला बॉल लागतो. आपल्याला ग्रीस लावायची सवय असते, इथे ती उलट पडते.

रस्त्यावर वेगाचे नियम वेगळे आहेत का?

हो. मोटरवे आणि ड्युअल कॅरेजवेवर ताशी ६० मैल, साध्या रस्त्यावर ५०, आणि पाटीवर कमी असेल तर तेवढाच. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सगळ्यांत उजवी लेन वर्ज्य. कॅरव्हॅन गाडीपेक्षा रुंद असेल तर जादा आरसे लावायलाच हवेत. चालत्या कॅरव्हॅनमध्ये कुणीही बसायचं नाही. आजी दमल्या तरी त्यांनी गाडीतच बसायचं.

सॅटनॅव्हवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. उत्तर यॉर्कशरमधल्या ए१७० वरच्या सटन बँक घाटात कॅरव्हॅनना बंदीच आहे, आणि साधा सॅटनॅव्ह तिथूनच खुशाल घेऊन जातो.

कॅरव्हॅन साप चालल्यासारखी झुलायला लागली तर?

अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टीअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. जोरात ब्रेक नको, स्टीअरिंगने झुलणं ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका, आणि वेग वाढवला की सरळ होते ही जुनी समजूत तर विसराच. उतारावर आणि मोठा ट्रक शेजारून जाताना हे जास्त होतं: ट्रक आधी खेचतो, मग ढकलतो. शांत झाल्यावर सुरक्षित जागी थांबून सामान कुठे सरकलंय, टायरमध्ये हवा किती आहे, हे पाहा. कारण बहुधा तिथेच सापडतं.

रिव्हर्स जमतच नाही. काय करू?

हात स्टीअरिंगच्या तळाशी, सहा वाजण्याच्या जागी धरा. मग हात ज्या बाजूला न्याल, कॅरव्हॅनची मागची बाजू त्या बाजूला जाईल. अगदी थोडं वळवा, थांबा, पाहा. ज्या आरशात कॅरव्हॅन जास्त दिसायला लागली त्या आरशाकडे स्टीअरिंग वळवलं की ती सरळ होते. कोन फार झाला तर हट्ट सोडा आणि पुढे जाऊन पुन्हा सुरू करा. रविवारी सकाळी रिकामं पार्किंग, परवानगी काढून, दोन तास. साइटवर लोक बघत असताना शिकण्यापेक्षा हे बरं. साइटवर शेवटचे दहा मीटर मूव्हरने नेले तरी कुणी हसत नाही.

पिचवर, म्हणजे साइटवरच्या आपल्या जागी, पोचल्यावर आधी काय?

आधी डावं-उजवं समपातळीत आणा, गाडी जोडलेली असतानाच: खालच्या बाजूच्या चाकाखाली रॅम्प. मग हँडब्रेक, चाकांना अडण्या, १३ पिनांचा प्लग आणि ब्रेकअवे केबल काढणं, जॉकी व्हील खाली, हिच वर, गाडी पुढे. पुढचं-मागचं जॉकी व्हीलने साधा. चार कोपऱ्यांच्या स्टेडी शेवटी. स्टेडी म्हणजे जॅक नव्हे. त्यांनी वजन उचलायला गेलात तर चॅसिस वाकते आणि दार लागेनासं होतं.

वीज सारखी का जाते?

बहुतेक साइटवर १६ अँपियर, काही ठिकाणी १० मिळतात. १० अँपियर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे २,३०० वॉट. घरातली केटल एकटी २,००० हून जास्त खाते, हीटर १,००० ते २,०००, पाण्याचा हीटर आणखी ८५०. म्हणजे चहा टाकला की हीटर बंद करायचा, हा घरचा नियम. ७५० ते १,००० वॉटची छोटी केटल घ्या. ८०० वॉटचा मायक्रोवेव्ह प्रत्यक्षात १,२०० च्या आसपास ओढतो, तेही लक्षात असू द्या.

केबल आधी कॅरव्हॅनला, मग साइटच्या विजेच्या खांबाला, काढताना उलट. रिळावरची केबल पूर्ण उलगडून टाका, गुंडाळलेली तापते आणि वितळू शकते.

गॅस कोणता घ्यायचा?

प्रोपेन, लाल सिलिंडर. निळ्यातल्या ब्युटेनचा शून्याच्या आसपास वायूच होत नाही, आणि इथल्या एप्रिलमधली पहाटही तेवढी गार असू शकते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो.

आत फोडणी देता येते का?

येते, पण वास तीन दिवस अंथरुणात राहतो. गाद्यांचं कापड तो शोषून घेतं. तळण आणि मोठी फोडणी बाहेर, ऑनिंगच्याही बाहेर, छोट्या गॅस शेगडीवर करा. भात, आमटी, पोहे, उपमा आत सहज होतात. कुकर चालतो, छोट्या बर्नरवर तीन लिटरचा बरा. छताचं झाकण उघडं ठेवा, आणि जमिनीतल्या जाळ्या थंडी येते म्हणून कधीही बुजवू नका. त्या गॅस बाहेर जाण्यासाठीच आहेत. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्ही अलार्म हवेत.

कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू, विझलेला दिसत असला तरी, ऑनिंगमध्ये किंवा आत आणायचा नाही. निखारे काळे पडल्यावरही तास-तास कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला वास नसतो, आणि झोपेत माणसं जातात.

भाताची पेज आणि तेल सिंकमध्ये ओतू नका. सांडपाण्याचे पाइप बारीक असतात आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. हळदीचे डाग प्लॅस्टिकच्या सिंकवर लगेच पुसावेत.

टॉयलेटचं काय?

कॅसेट म्हणजे चाकांवर ओढता येणारी १७ ते २० लिटरची टाकी. आत दोन लिटर पाणी आणि ठरलेलं रसायन घालून सुरुवात करायची. चौघांना साधारण दोन दिवस पुरते. पण पाण्याने धुण्याची सवय असेल तर त्याच्या निम्म्या वेळात भरते, तेव्हा मोठ्या कामाला साइटचं शौचालय वापरा, आतलं रात्रीसाठी राखा. रिकामी फक्त साइटवरच्या ‘केमिकल डिस्पोजल’ जागी करायची. ओतताना हवेचं बटण दाबून धरा, नाहीतर गुळण्या करत पाणी अंगावर उडतं.

साइट कशी निवडायची? रस्त्याकडेला रात्र काढली तर?

पहिल्या वेळी मोठ्या क्लबची, स्वच्छतागृहं आणि वॉर्डन असलेली, पक्क्या जमिनीच्या पिचची साइट घ्या. कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लब १९०७ चा, कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लब त्याहून जुना, १९०१ चा. सरावल्यावर शेतातल्या पाच-पाच कॅरव्हॅनच्या छोट्या जागा सुंदर आणि स्वस्त असतात, पण तिथे बऱ्याचदा नळ आणि कॅसेटची जागा एवढंच मिळतं. शाळेच्या सुट्ट्यांसाठी महिनोन्‌महिने आधी बुकिंग लागतं. तीन कुटुंबांना शेजारी पिच हवे असतील तर बुकिंगच्या वेळीच फोन करून सांगा. युनिटांमध्ये सहा मीटर अंतर असतं, तेव्हा गप्पांची मैफल थोडी ओरडून होते, आणि रात्री ती बंदच ठेवायची असते.

रस्त्याकडेला रात्र काढायचा सर्वसाधारण हक्क इथे नाही. जमीनमालकाची परवानगी लागते.

विमा आणि चोरी?

कॅरव्हॅनचा वेगळा विमा सक्तीचा नाही. ओढताना दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते साधारणपणे गाडीच्या विम्यात येतं. कंपनीला विचारून खात्री करा. पण कॅरव्हॅनची स्वतःची चोरी आणि मोडतोड त्यात नसते. स्वतंत्र विमा घ्या, आणि त्यात हिच-लॉक व व्हील-लॉक कोणत्या दर्जाचे मागितले आहेत ते वाचा. दारात ठेवणार असाल तर घराच्या करारात मनाई नाही ना, हेही पाहून घ्या.

महाराष्ट्रात असं फिरता येईल का?

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण तिकडे भर आहे तो चालकासकट भाड्याने मिळणाऱ्या, स्वतःचं इंजिन असलेल्या वाहनांवर. गाडीमागे ओढायची कॅरव्हॅन घेऊन घाट चढायचा हा प्रकार तिकडे अजून रुळलेला नाही.

पहिली सहल किती दिवसांची असावी?

दोन रात्री, घरापासून तासाभराच्या आत. काही विसरलं तर परत जाता येईल इतकी जवळ. फ्रिज आदल्या रात्री विजेवर लावून ठेवा. गार व्हायला त्याला कित्येक तास लागतात आणि वाटेत १२ व्होल्टवर तो असलेला गारवा फक्त टिकवतो. चाक काढून बसवलं असेल तर ५० किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.

हिवाळ्यात काय करायचं?

पहिल्या गोठणाऱ्या रात्रीआधी सगळं पाणी काढा. पाण्याच्या हीटरचा निचरा वाल्व उघडा, पंप चालवून पाइप रिकामे करा, सगळे नळ मध्यावर उघडे ठेवा. बंद नळात अडकलेलं चमचाभर पाणी गोठून फुगतं आणि वसंतात पहिल्यांदा पाणी सोडलं की मिक्सर-टॅपमधून कारंजं उडतं. गाद्या उभ्या करा, कपाटं आणि फ्रिजचं दार किंचित उघडं ठेवा. बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करा, आणि कॅरव्हॅन थोडी पुढे-मागे सरकवा, म्हणजे टायर एकाच जागी चपटे होणार नाहीत.